आपापली बोली आणि शाळेचा उंबरठा
(हेंद्रेपाडा येथील बुद्धविहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही बोलीभाषेबद्दल चार शब्द मांडणार आहोत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू, सख्खे भाऊ, तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. नाना जातीकुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत सांगून बुद्धवचन बिघडवतात, ते छंदात बांधावे, असे त्यांचे म्हणणे. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत धम्म शिकावा, अशी अनुज्ञा दिली. बाबासाहेबांनीही १९२० साली 'मूकनायक' काढले ते आपल्या माणसांच्या मराठीतच.

आता शेजारी बघा. बदलापूरच्या आजूबाजूच्या वाड्यांत कातकरी समाज राहतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारदप्तरी आदिम म्हणून नोंदल्या आहेत. कातकरी पोराच्या घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी. प्रश्नच कळत नाही, तर उत्तर काय देणार? मग शेरा पडतो, 'पोर मुकं आहे.' अहो, तेच पोर वीटभट्टीवर आजीशी घडाघडा बोलतं! वर्गात हसं होतं म्हणून ते आपली बोली लपवतं आणि एक दिवस शाळाही सोडतं. बोलीही जाते, शिक्षणही जाते.

कायदा काय सांगतो? १९५६ साली घटनेत अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे त्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतच शिकवा, असे म्हटले आहे. तरी गडचिरोलीत मोहगावच्या गोंड बांधवांनी ग्रामसभेच्या बळावर २०१९ साली गोंडी शाळा काढली, तेव्हा मान्यता नाही म्हणून २०२२ साली त्यांनाच नोटीस आली!

बंधूंनो, आपल्या आईबापांच्या बोलीलाही 'अशुद्ध' म्हणून लोक हसले. तो डंख आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आमची विनंती आहे. विहाराच्या अभ्यासवर्गात वाडीवरची पोरं बसवू या. त्यांच्यातलीच एखादी शिकलेली ताई सोबत घेऊ या. पहिली-दुसरीला कातकरी बोलणारा मदतनीस द्या, असा अर्ज शाळेत नेऊ या. आणि आपल्या घरातलं लेकरू त्यांच्या बोलीला हसलं, तर त्याला तिथंच समजावू या.

मराठी त्यांनी जरूर शिकावी, इंग्रजीही शिकावी. पण पहिलं पाऊल आईच्या बोलीतून पडू द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!