नवे सॉफ्टवेअर आणि 'रीस्टार्ट'
(पालक मेळाव्यातील भाषण)



मागच्या सभेनंतर एका वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मुलगा नवा गेम घातला की लगेच संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. अशाने यंत्र बिघडत नाही का?" यंत्र बिघडत नाही, एवढेच मी तेव्हा सांगितले. पण बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, हे सांगायचे राहून गेले.

दस्तरखानावर माणसे जेवायला बसली असताना खालची सतरंजी बदलता येत नाही. विंडोज प्रणालीचेही तसेच आहे. एखादी फाइल वापरात असली, की तिच्या जागी सहसा नवी ठेवता येत नाही. अशा वेळी बदलायच्या फाइलींची नोंद करून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना, इतर प्रोग्राम जागे होण्यापूर्वी, अदलाबदल होते. लिनक्समध्ये फाइल वापरात असतानाही बदलता येते. मात्र चालू प्रोग्राम जुनीच प्रत वाचत राहतो. तो बंद करून उघडला की पुरते. प्रणालीचा गाभाच बदलला, तर मात्र तेथेही सहसा रीस्टार्ट लागतो.

साधा गेम आपल्या फाइली स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या आधी कोणी वापरतच नसते, मग रीस्टार्ट कशाला? अपवाद आहेत. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट'सोबत लबाडी रोखणारा 'व्हॅनगार्ड' येतो. तो संगणक सुरू होतानाच चालू व्हावा लागतो. काही ड्रायव्हर आणि प्रणालीच्या सुरक्षेचे बदल यांनाही रीस्टार्ट लागतो. तो टाळत राहिलात, तर जुनी सदोष फाइलच चालू राहते. १९९५ च्या विंडोजमध्ये नेटवर्कचा पत्ता बदलला तरी रीस्टार्ट करावे लागे. आम्हा जुन्या माणसांची सवय तेव्हाची!

या सवयीने माझ्या हातून एक चूक घडली. दहावीच्या एका विद्यार्थिनीने दीड तास खपून शिष्यवृत्तीच्या अर्जाचा मजकूर टंकलिखित केला होता. ती पाणी प्यायला गेली असता मी त्याच संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर घातला आणि 'तरीही रीस्टार्ट करा' हे बटण न वाचताच दाबले. मजकूर जतन केलेला नव्हता. बिचारी एक शब्दही बोलली नाही; संध्याकाळी बसून तिने सगळे पुन्हा लिहिले. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. अर्ज गेला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता त्या वडिलांच्या मुलाविषयी. तो 'शट डाउन' करून मग बटण दाबत असे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. ती चालू असेल, तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरचे काम अर्धवट राहू शकते. जेव्हा खरोखर गरज असेल, तेव्हा आधी आपले काम जतन करून 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा, असे मी त्याला सांगितले आहे.