हिवाळी इंधन साहाय्य आणि आपले वडीलधारे
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपणांसमोर मांडावयाचा विषय वरवर पाहता पौंड-पेन्सचा आहे. ब्रिटनमधील वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी सरकारकडून मिळणारे साहाय्य, म्हणजे विंटर फ्युएल पेमेंट, हा तो विषय. परंतु आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी अशा साहाय्याकडे ज्या दृष्टीने पाहतात, ती ध्यानी घेता हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही, असे आम्हांस वाटते.

1997 साली लेबर पक्ष सत्तेवर आला आणि अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी ही योजना जाहीर केली. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक घरांना 20 पौंड व अत्यल्प उत्पन्नाच्या घरांना 50 पौंड मिळाले. 2000 साली ही रक्कम 200 पौंडांवर गेली. पुढे 80 वर्षे पूर्ण केलेल्यांच्या घरासाठी 300 पौंड झाले. मूळ आकडा आजही तोच आहे. या पंचवीस वर्षांत गॅसचे बिल कोठल्या कोठे गेले, हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगावयास नको.

जुलै 2024 मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी इंग्लंड व वेल्समध्ये हे साहाय्य पेन्शन क्रेडिट आणि तत्सम भत्ते घेणाऱ्यांपुरते मर्यादित केले. सुमारे एक कोटी वृद्ध त्यातून वगळले गेले. देशभर ओरड झाली आणि जून 2025 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. 2025-26 च्या हिवाळ्यापासून पेन्शनच्या वयाच्या सर्वांना ते पुन्हा लागू झाले. ज्याचे वार्षिक उत्पन्न 35,000 पौंडांहून अधिक आहे, त्याच्याकडून ते करातून परत घेतले जाते. स्कॉटलंडचे सरकार अशाच धर्तीची आपली स्वतंत्र योजना चालवते.

मधल्या त्या एका हिवाळ्यात ज्यांच्या नावावर पेन्शन क्रेडिट होते, त्यांचे पैसे चालू राहिले. ज्यांनी पात्र असूनही अर्जच केला नव्हता, त्यांचे गेले. सरकारच्याच अंदाजानुसार या देशात पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुटुंबे ते घेत नाहीत. आपल्या समाजातही अशी माणसे आहेत. इंग्रजीची अडचण, लांबलचक प्रश्नावली, ही कारणे आहेतच. पण आम्ही घरोघरी ऐकतो ते वाक्य वेगळेच आहे : "सरकारपुढे हात कशाला पसरायचा?"

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. आपल्या पूर्वजांना येसकरपाळी करून, काठी आपटीत, दारोदार भाकर मागावी लागे. परमपूज्य बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेल्या जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडा असे बजावले, आणि आपल्या आज्यापणज्यांनी ते सोडले. तो बाणा ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना अर्जाच्या कागदावर सही करतानाही संकोच वाटतो. या संकोचाला आम्ही हसणार नाही.

तथापि फरक पाहिला पाहिजे. बलुत्याची भाकर देणाऱ्याच्या मर्जीवर होती. नाही दिली तर दाद कोठे मागणार? पेन्शन क्रेडिट 2002 साली पार्लमेंटने केलेल्या कायद्याने मिळते. त्याचे माप ठरलेले आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, फेरविचार मागता येतो, त्यानंतर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. शिवाय ज्यांनी येथील कारखान्यांत, रुग्णालयांत, बसगाड्यांवर आयुष्य घालवले, त्यांनी कर भरूनच हा देश चालवला आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या भारतीय राज्यघटनेतही 41 व्या अनुच्छेदात वार्धक्यातील सरकारी साहाय्याचा उल्लेख हक्क म्हणूनच आला आहे.

आता व्यवहाराचे. पेन्शन क्रेडिट नावावर असले की थंडीचे इतरही साहाय्य सुलभ होते. इंग्लंड-वेल्समध्ये सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिले तर 25 पौंडांचे कोल्ड वेदर पेमेंट मिळते. विजेच्या बिलात 150 पौंडांची सवलत मिळू शकते. मुलगा डॉक्टर आहे, घर स्वतःचे आहे, म्हणून आपण अपात्र, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. उत्पन्न मोजतात ते अर्जदाराचे व त्याच्या जोडीदाराचे, एकत्र राहणाऱ्या मुलाचे नव्हे. राहते घर धरीत नाहीत, आणि पहिल्या 10,000 पौंडांच्या बचतीकडे पाहत नाहीत. नागपूरची सदनिका मात्र धरतात. ती लपवू नये.

आणखी एक. आपले वृद्ध ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीला जातात आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीचे दर्शन घेऊनच परततात. परदेशी मुक्काम चार आठवड्यांहून अधिक असेल तर पेन्शन क्रेडिट सामान्यतः थांबते. जाण्यापूर्वी कार्यालयास कळवावे आणि परतताच पुन्हा अर्ज करावा. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी सल्ला घेतल्याविना कोणताही अर्ज करू नये. तसेच "हिवाळी पैशासाठी येथे बँकेचा तपशील भरा" असा संदेश फोनवर आला तर तो फसवणुकीचा समजावा. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेकांना ही रक्कम अर्ज न करताच खात्यात मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने घरात किमान 18 अंश तापमान असावे असे सांगितले आहे. थंड घरात वृद्धांचा रक्तदाब चढतो. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. तरीही आपले आजी-आजोबा स्वेटरवर शाल घेऊन एकाच खोलीत बसतात, आणि सून कामाला गेली की बॉयलर बंद करतात. सुनांनो, दुपारी एक फोन करून थर्मोस्टॅटवरचा आकडा त्यांना वाचून दाखवावयास सांगा.

भोजनानंतर दाराजवळच्या टेबलावर आमचे कार्यकर्ते बसणार आहेत. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पेन्शनचे शेवटचे पत्र आणि बँकेचे विवरण जवळ असेल तर अर्ज येथेच भरता येईल. मागील तीन महिन्यांपर्यंतची रक्कमही पात्र असल्यास मिळू शकते. ती अर्जात मागण्यास विसरू नये. ज्यांना इंग्रजी जमत नाही, त्यांच्याशेजारी मराठी बोलणारे कोणीतरी बसेल.

जयभीम.