टिळकांचा पहिला जुना करार



रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून येशूपाशी आलो, असं ते सांगत. या बोलण्याचं आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. पण त्यात एक पेच आहे. तो पूल बांधला कोणी? तुकोबांची विठ्ठलावरची श्रद्धा देवानेच दिली, असं ख्रिस्ती माणसाला म्हणता येईल का?

चर्चमध्ये यावर एकमत कधीच नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरच्या मते, जे ख्रिस्तात पूर्ण प्रकटलं त्याचं बीज सगळ्याच माणसांत पेरलेलं असतं. त्याच्या लेखी सॉक्रेटिससुद्धा ख्रिस्तीच! उलट १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली, तेव्हा हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताने बजावलं की, धर्म ही माणसाची धडपड. येशूतलं प्रकटीकरण त्या धडपडीचं फळ नव्हे. १९६५ साली व्हॅटिकनने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं जाहीर केलं. मात्र २००० साली तिथूनच ताकीद आली: ख्रिस्ती विश्वास हे देवाच्या कृपेचं दान आहे, इतर धर्मांतल्या श्रद्धा त्याच पंगतीत बसवू नका.

टिळक या साऱ्यांपेक्षा धीट होते, असं मला वाटतं. हिंदू संतांना ते आपला पहिला जुना करार, म्हणजे बायबलचा येशूपूर्व भाग, मानत. हे म्हणणं साधं नाही. पूल ओलांडला की मागे राहतो. जुना करार तसा मागे राहत नाही. नवा करार हाती आल्यावरही तो चर्चमध्ये वाचला जातो, त्यावर उपदेश होतात, आणि तो देवाचंच वचन मानला जातो. म्हणजे तुकोबांच्या मुखातून देव बोलला, हे कबूल करणं आलंच. टिळक नुसतं कबूल करून थांबले नाहीत. ख्रिस्ती झाल्यावर ते अभंग रचत राहिले, कीर्तनं करत राहिले.

तरीही देहूच्या वारकऱ्याला हे पटणार नाही, आणि का पटावं? जुना करार येणाऱ्या मसीहाची वाट पाहतो, अशी ख्रिस्ती समजूत. तुकोबा कोणा येणाऱ्याची वाट पाहत नव्हते. त्यांचा विठोबा तर केव्हाचा विटेवर उभा होता.