चढाई चालेना, मग बचावाचे सर का बदलायचे?

बिरवाडी काय, महाड-पोलादपूर काय, कबड्डीची मॅच हरली की मंडळात पहिला आवाज येतो, 'कोच बदला!' पण चढाईपटू रिकाम्या हाताने परततायत आणि पकडी मात्र जबरदस्त होतायत, तर बचाव घडवणाऱ्या सरांना का काढायचं?

प्रो कबड्डी आठवा. २०१८ मध्ये यू मुंबाच्या सिद्धार्थ देसाईने चढाईत २१८ गुण घेतले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. यू मुंबाने बचावातला फझल अत्राचली राखला. २०१९ ला यू मुंबा उपांत्य फेरीत गेली, तिथे ३५-३७ ने हरली. टायटन्स? अकराव्या नंबरावर.

कारण साधं आहे. चढाईपटू एकटा जातो, म्हणून तो बाहेरून आणता येतो. कोपरा आणि कव्हरची साखळी महिनोन्महिने एकत्र घाम गाळूनच जुळते. एकाने घाईने हात टाकला की शेजारचाही बाद.

आमच्या कोडिंगमध्ये पेमेंट अडकलं म्हणून लॉगिन नीट चालवणाऱ्याला कुणी काढत नाही. चढाईसाठी वेगळा माणूस बघा, दोन पोरं तयार करा. बचावाच्या सरांना मात्र हात लावू नका. चला, मैदानात भेटू!