बगीचा मागायचा तर नागरिक म्हणून मागा

(चंद्रपूर येथे युवा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि बहिणींनो, आजचा विषय आहे शहरातले बगीचे आणि मैदाने. काहींना वाटेल, शिक्षण आहे, रोजगार आहे, संविधानाचे प्रश्न आहेत, ते सोडून बगीच्यावर काय बोलायचे? झोपाळा आणि घसरगुंडी हा काय चळवळीचा विषय आहे? म्हणून मी आधी झोपाळ्याबद्दल न बोलता एका रस्त्याबद्दल बोलतो.

7 ऑगस्ट 2025. आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटली गावाजवळ पहाटे सहा मुले व्यायाम करत होती. भरधाव ट्रकने त्यांना चिरडले. चार मुले गेली, दोन गंभीर जखमी झाली. सगळी शाळकरी वयाची. गावकऱ्यांनी रस्ता रोखला, सरकारने मदत जाहीर केली, ट्रकचा शोध सुरू झाला. चालकाला शिक्षा व्हायलाच हवी. पण पहाटेच्या अंधारात मुले महामार्गावर का असतात, हा प्रश्न त्या शिक्षेने सुटत नाही. गडचिरोलीत आणि आपल्याकडेही पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी डांबरी रस्त्यावर धावतात. सपाट, मोकळी, काटे-खड्डे नसलेली जागा म्हणजे त्यांच्यासाठी रस्ताच. मैदान नसण्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता रस्ता सोडून झाडीत जाऊ. जंगल आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे वैभव आहे, आणि ते आपल्या दारापर्यंत आलेले आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापूरला 16 वर्षांच्या मुलाला बिबट्याने नेले. त्यानंतर लोकांनी काय मागितले? झुडपे काढा, दिवे लावा, बंदोबस्त करा. यामागे साधे गणित आहे. मोकळ्या जागेत कचरा साचला की कुत्री आणि डुकरे येतात, त्यांच्या मागे बिबट्या येतो, आणि माणसाच्या उंचीची झुडपे त्याला लपायला जागा देतात. म्हणजे बगीच्याच्या मागच्या भिंतीलगत पडलेला कचरा आपल्या शहरात नुसता आरोग्याचा प्रश्न राहत नाही. पुण्या-मुंबईत 'बागेची सुरक्षितता' म्हटले की लोकांना चोर आणि टवाळखोर आठवतात. आपल्याला त्यात जनावराचीही भर घालावी लागते. आणि उपाय झाडे तोडणे हा नाही. मोठी झाडे राहू द्यायची, खालचे रान साफ ठेवायचे, कचरा उचलायचा, दिवा लावायचा.

तिसरी गोष्ट हवेची. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे होते. उन्हाळ्यात आपला पारा देशाच्या बातम्यांत असतो. अशा शहरात गर्द सावलीची चार एकर जागा म्हणजे चैन नव्हे. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला मे महिन्याच्या दुपारी बसायला दुसरी जागा नसते. आणि नेमके दुपारी बहुतेक बगीच्यांचे फाटक बंद असते. वेळ ठरवताना सकाळी फिरायला येणाऱ्यांचा विचार होतो. धुणीभांडी करून दुपारी मोकळी होणारी बाई त्या वेळापत्रकात कुठेच नसते.

बाईचा उल्लेख आलाच आहे, तर तिथेच थोडे थांबू.

2011 साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवरचे पुस्तक आले. त्यातले एक निरीक्षण आपल्या मोहल्ल्यालाही लागू आहे. बाई घराबाहेर दिसली की तिच्याकडे कारण असावे लागते. दवाखाना, शाळा, बाजार, लग्न. काही काम नाही, नुसती बसायला आले, असे म्हणायची सोय तिला नाही. पुरुषाला ती सोय चौकात, टपरीवर, गाडीच्या सीटवर, सगळीकडे आहे. रमजानमध्ये तरावीहनंतर आपली मुले सहरीपर्यंत चौकात बसलेली असतात. त्याच वयाच्या मुलींनी बसावे अशी एक तरी जागा तुमच्या वॉर्डात आहे का?

घरचे म्हणतात, बगीच्यात वातावरण चांगले नाही. ही काळजी खोटी नसते. अंधार असतो, कोपऱ्यात दारूच्या बाटल्या असतात, स्वच्छतागृहाला कुलूप असते. पण काळजीचा इलाज म्हणून आपण मुलीला घरात बसवतो आणि बगीचा तसाच सोडतो. मग बायका येत नाहीत म्हणून तो आणखी ओसाड होतो, आणि ओसाड आहे म्हणून बायका येत नाहीत. हे चक्र मुलीला रोखून तुटत नाही. दिवा, उघडे स्वच्छतागृह आणि येणाऱ्या बायकांची संख्या यांनी ते तुटते.

आता मी जरा कडू बोलणार आहे.

निवडणूक आली की आपल्या मोहल्ल्यातले मोठे लोक उमेदवाराकडे यादी घेऊन जातात. यादीत काय असते? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, मशिदीसमोरचा रस्ता, कमान. मी या मागण्यांना नावे ठेवत नाही. कब्रस्तानला भिंत हवीच. पण मेलेल्यांसाठी भिंत मागणाऱ्या यादीत जिवंत मुलांना खेळायला जागा कधी पाहिली आहे का? वाचनालय, अभ्यासिका, मैदान, बायकांसाठी सुरक्षित बगीचा, या गोष्टी आपण 'समाजाच्या' मागण्यांत धरतच नाही. आपण समाज म्हणून मागतो आणि समाज म्हणून दिलेले तेवढेच घेतो. राजकारण्यालाही ते सोयीचे असते. एक कमान बांधली की पाच वर्षे निभतात.

बगीचा अशा पद्धतीने मागता येत नाही. तो एका समाजाचा नसतोच. इरईच्या काठी रहमतनगरमध्ये पुराचे पाणी शिरते तेव्हा ते नाव विचारून शिरत नाही, आणि वीज केंद्राची राखही सगळ्यांच्या छातीत सारखीच जाते. म्हणून निवेदनावर शेजारच्या वस्तीतल्या बौद्ध, तेली, कुणबी, गोंड, सगळ्यांच्या सह्या हव्यात. 'मुस्लिम वस्तीतील बगीचा' असे लिहू नका. वॉर्डाचे नाव लिहा, बगीच्याचे नाव लिहा.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांची 18 कामे दिली, त्यातले बारावे काम म्हणजे उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे. पण महापालिकेच्या कायद्यात ही कामे ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणी आणि सफाई द्यावीच लागते, बगीचा दिला तर दिला. पैसा कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते. म्हणून बगीचा मागणारे लोक जागे असावे लागतात.

तेही दोन ठिकाणी. पहिले, विकास आराखडा. तुमच्या वॉर्डात बगीच्यासाठी किंवा मैदानासाठी आरक्षित जागा कोणती, हे नगररचना विभागात पाहायला मिळते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 प्रमाणे आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठराविक मुदतीनंतर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे जागा कुणी हिसकावून नेत नाही. आपण गप्प बसलो की ती आपोआप जाते. दुसरीकडे, कागदावरचा बगीचा नागरिकांनी वाचवल्याचे उदाहरणही आहे. बंगळुरूत बगीच्यासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली, रहिवासी न्यायालयात गेले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्याची गरज आहे आणि तिच्यासाठी दाद मागायचा त्यांना हक्क आहे, हे त्यातून पक्के झाले.

दुसरे ठिकाण अंदाजपत्रक. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, म्हणजे आकडे त्याआधीच ठरतात. मार्चअखेर दिलेले निवेदन फाईलला लागते. दिवाळीनंतर लगेच द्या. एप्रिल 2022 मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. आता विचारायला माणूस आहे, तर विचारा. शिवाय आपला कोळशाचा जिल्हा आहे. 2015 पासून खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. त्यातून तुमच्या भागात काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

लोकांनी ठरवले तर काय होते, हे आपल्या जिल्ह्यांनीच दाखवले आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटावर झुडपे आणि कचरा माजला होता. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी कुदळ-फावडे घेऊन तो साफ करायला सुरुवात केली आणि दोनशेहून अधिक दिवस ते काम चालवले. फेब्रुवारी 2021 मध्ये बंडू धोतरे यांनी रामाळा तलावासाठी उपोषण केले, तेव्हा तलावात जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न मुंबईपर्यंत गेला. आणि धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा तर तुम्हाला माहीतच आहे. 2009 मध्ये त्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि निर्णयाआधी अभ्यास होतो. जंगलासाठी ते जमले, मग एका वॉर्डाच्या बगीच्यासाठी आपल्याला का जमू नये?

अभ्यास कसा करायचा ते सांगतो. 'बगीच्याची दुरवस्था झाली आहे, सुधारणा करावी' असे निवेदन देऊ नका. त्यावर 'कार्यवाही सुरू आहे' एवढेच उत्तर येते. दिल्लीत सुरू झालेल्या सेफ्टीपिन या उपक्रमाची सुरक्षितता तपासण्याची पद्धत आहे. उजेड किती, जागा मोकळी दिसते का, इतरांची नजर पोहोचते का, माणसे किती, पहारा आहे का, पायवाट कशी, वाहन मिळते का, बायका-मुले किती, आणि शेवटी, तिथे उभे राहून कसे वाटते. अशा नऊ बाबी. त्यात आपल्याकडच्या तीन घाला: कचरा आणि रान, पिण्याचे पाणी, दुपारची सावली.

हे तपासायला तीन वेळा जा. पहाटे, दुपारी आणि अंधार पडल्यावर. गटात निम्म्या मुली असू द्या, आणि एक आजी आणि एक कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असू द्या. फाटकाशी बसवलेला आडवा पाइप मोटारसायकल अडवतो, पण चाकाची खुर्चीही अडवतो. हे आपल्या लक्षात येत नाही, त्यांच्या येते. मग लिहा: फाटकापासून चौथ्या खांबावरचा दिवा बंद. खुल्या व्यायामशाळेतल्या दोन यंत्रांचे नट निघालेले. घसरगुंडीखाली वाळू नाही, सिमेंट आहे. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. फोटो, तारीख, वेळ. कोणते काम आठवड्यात होईल, कोणते अंदाजपत्रकात घ्यावे लागेल, हे वेगळे करा. निवेदन द्या, पोच घ्या, आणि महिन्याने त्याच खांबाखाली परत जाऊन पाहा.

हे काम दीनदारीच्या बाहेरचे आहे असे कुणी म्हणाले, तर त्यांना नम्रपणे आठवण करून द्या की वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. झाड लावणेही सदकाच.

आपल्या शहरात मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा बगीचा आहे. शहर त्याला आझाद बगीचा म्हणते, आणि तिथे सगळ्या जातिधर्माचे लोक फिरतात. त्या नावाचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटू द्या. पण नाव पाटीवर लागले म्हणजे हक्क मिळाला असे नसते. तुमच्या वॉर्डातल्या बिननावाच्या मैदानावर संध्याकाळी सातला एखादी मुलगी कुणाला न विचारता येऊन बसली, धावली, परत गेली, तर तो हक्क मिळाला असे मी म्हणेन.

आज इथे सात वॉर्डांतले लोक आहेत. प्रत्येक वॉर्डाने एक जागा निवडायची. येत्या रविवारी पहिली तपासणी करायची. पुढच्या बैठकीला येताना भाषण नको, यादी घेऊन या.