नळाच्या हातांतील हंस

पक्षी माणसासारखा बोलूं लागला, तर व्यवहारांत त्यास कोणीहि भ्रम म्हणेल. पण तोच पक्षी पद्यांत बोलला, म्हणजे ऐकणाराची मान डोलूं लागते आणि शंका विचारावयाचें त्याला भानहि राहत नाहीं. अद्भुत कथा आणि यमकबद्ध पद्य यांची सोयरीक अनेक भाषांत जुळलेली आहे. मराठींत ती कशी जुळली हें पाहावयाचें, तर सतराव्या शतकांतील रघुनाथ पंडिताच्या ‘दमयंतीस्वयंवर’ आख्यानाहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

कथा मूळची महाभारताच्या वनपर्वांतील. द्यूतांत सर्वस्व हरलेला युधिष्ठिर काम्यकवनांत बसला आहे, अर्जुन अस्त्रांसाठीं दूर गेला आहे, अशा वेळीं बृहदश्व मुनि येतात. आपल्याहून अभागी राजा कोणी पाहिला आहे काय, असें युधिष्ठिर त्यांस विचारतो, आणि उत्तरादाखल मुनि नळाची कथा सांगतात. म्हणजे ही कथा निव्वळ करमणुकीसाठीं निघालेली नाहीं. जुगारांत बुडालेल्या एका माणसास धीर देण्यासाठीं ती निघाली. तींत हंस बोलतो, देव वेष पालटतात, कर्कोटक नाग डसून राजाला कुरूप करतो, आणि ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें एका दृष्टिक्षेपांत मोजतो. ज्याचें राज्य गेलें, भाऊ वनवासी झाले, पत्नीची सभेंत विटंबना झाली, त्याला ‘धीर धरा, महाराज’ एवढा कोरडा उपदेश कसा पुरावा?

आतां त्या हंसाकडे वळूं. महाभारतांतील हंस मोठा व्यवहारी आहे. नळानें पकडतांच तो म्हणतो कीं, मला मारूं नकोस, मी तुझें काम करीन, दमयंतीपाशीं तुझें वर्णन करीन. हा सरळ सौदा आहे. बाराव्या शतकांत श्रीहर्षानें ‘नैषधीयचरित’ रचिलें, तेव्हां त्यानें हा सौदा काढून टाकिला. त्याचा हंस आधीं विलाप करतो. घरीं वृद्ध माता आहे, नुकतीच प्रसूत झालेली पत्नी आहे, त्यांचें कसें होणार? राजा दयेनें त्याला सोडतो, आणि त्यानंतर हंस उपकार फेडण्यास आपण होऊन परत येतो. एवढ्या फेरानें नळाचा स्वभावच उजळून निघाला. मोबदला कबूल करून घेऊन सोडणारा राजा निराळा, आणि रडणें ऐकून मूठ उघडणारा निराळा.

रघुनाथ पंडितानें श्रीहर्षाची ही वाट धरिली. पण हंसाला त्यानें मराठी घर दिलें. त्याच्या हंसाची आई म्हातारी, तिला उडवतहि नाहीं. आणि बायको बाळंत होऊन सात दिवस झालेले. हे सात दिवस श्रीहर्षाच्या श्लोकांत नाहींत. हा आंकडा उच्चारला जातांच ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढें सरोवरांतील कमळें राहत नाहींत. तिला बाळंतिणीची अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि अजून बारसें न झालेलें मूल दिसूं लागतें. हंस सोन्याचा, बोलतो माणसाचें, आणि हिशेब मात्र बाळंतपणाच्या दिवसांचा! अद्भुत पटतें तें अशा ठिकाणीं.

आणि यमक? संस्कृत काव्यांत चरणांच्या शेवटीं यमक जुळविण्याचा सामान्यतः प्रघात नव्हता. अक्षरगणवृत्ताचा डौल हाच तेथें पुरेसा मानीत. उलट मराठीची जुनी ओवी जन्मतःच यमकाची. ज्ञानेश्वरींत पहिले तीन चरण एका यमकांत बांधलेले असून चौथा आंखूड व मोकळा असतो. पुढें पंडित कवींनीं संस्कृत वृत्तें उचललीं, पण कानाची ही मराठी संवय सोडली नाहीं. मालिनी आली, शार्दूलविक्रीडित आलें, आणि त्यांच्या पायांत यमकाचे वाळे घातले गेले. हंसाच्या आई-बायकोचा तो श्लोक शार्दूलविक्रीडितांत, म्हणजे चरणास 19 अक्षरांचा आहे. यमक तेथें केवळ ओळींच्या अंतीं नाहीं, आरंभींहि आहे. एवढी कारागिरी दुःखाच्या प्रसंगीं शोभते काय, असा आक्षेप काढतां येईल, आणि इतर ठिकाणीं तो खराहि ठरतो. वामन पंडितास लोक ‘यमक्या वामन’ म्हणत तें कांहीं निव्वळ कौतुकानें नव्हे! पण येथें शब्द घरगुती आहेत, म्हणून कारागिरी टोंचत नाहीं.

मिल्टननें ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या आरंभीं 1668 साली टिपण जोडून यमकाला रानटी युगाचें अपत्य ठरविलें होतें. आपल्याकडे ‘अनिल’ यांची ‘भग्नमूर्ति’ 1940 मध्यें मुक्तछंदांत आली, आणि चिंतनास यमकाची कुबडी लागत नाहीं हें मराठी वाचकानेंहि पाहिलें. मात्र चमत्काराच्या कथेची गोष्ट वेगळी. पहिल्या ओळीनें कानाला एक वचन दिलेलें असतें. दुसरी ओळ तें पाळते. पुनःपुन्हां वचन पाळणाऱ्या माणसाची एखादी न पटणारी गोष्टहि जसें कोणी ऐकून घेतो, तसाच श्रोता हंसाचें बोलणें ऐकून घेतो.

ही किमया घडत असे ती कीर्तनांत. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगांत निरूपण आटोपलें, कीं उत्तररंगांत आख्यान उभें राही. दिंडी, साकी, कामदा अशा गेय छंदांत बुवा कथा पुढें ढकलीत. यमकाच्या शब्दापाशीं क्षणभर थांबत, आणि तो शब्द समोरच्या बायामाणसांच्या ओठीं आधींच आलेला असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीं हें वाङ्मय असें मुखीं ठेविलें. संकटांत आप्त पळतात या अर्थाचा हंसाचा एक मालिनीचा चरण तर म्हण होऊन बसला. कवीचें नांव ठाऊक नसलेलेहि तो वापरतात.

पुढें परशुरामपंत गोडबोले यांच्या 1854 सालच्या ‘नवनीत’ या वेंचे-संग्रहांतून हें आख्यान शाळांत गेलें. लाभ मोठा झाला, कारण तें जिवंत राहिलें; पण फळ्यावर लघुगुरूंच्या खुणा मांडतां मांडतां हंस कित्येकदां नळाच्या मुठींतच राहून गेला. वृत्त ओळखणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळाले; पक्षी सुटला कीं नाहीं हें कोणीं विचारलें नाहीं.

स्वयंवरमंडपांतील प्रसंग अद्भुताचा कळस आहे. एका नळाचे पांच नळ दिसतात, चौघे देव. श्रीहर्षानें येथें सरस्वतीच्या मुखीं श्लेष घालून पांडित्याचा बाजार मांडला आहे. महाभारतांतील साधेपणा अधिक खोल वाटतो. दमयंतीच्या विनवणीवरून देव आपलीं चिन्हें प्रकट करितात: घाम नाहीं, पापणी लवत नाहीं, माळ कोमेजत नाहीं, पाय भुईला टेकत नाहींत. पांचव्याच्या अंगावर धूळ आहे, त्याची सांवली पडते. ती त्यालाच माळ घालते.

घरीं हें आख्यान वाचावयाचें असेल, तर मोठ्यानें वाचावें. आरंभीची दिंडी 19 मात्रांची. नवव्या मात्रेवर किंचित् विसांवा घेतला कीं चाल आपोआप सांपडते. हंसाच्या विलापापाशीं आवाज चढवूं नये. मुलें मध्येंच ‘सोडलें का हो त्याला?’ असें विचारतील. उत्तर पुढें श्लोकांतच आहे, तें आधीं गद्यांत देऊं नये.