‘हिंद स्वराज्य’मधील देशभक्ती आणि व्रतविचार



देशभक्तीचा विषय निघाला की स्वातंत्र्य कोणापासून मिळवावे, हा प्रश्न प्रथम पुढे येतो. ते कोणत्या मार्गाने मिळवावे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. महात्मा गांधींच्या ‘हिंद स्वराज्य’ या छोट्याशा ग्रंथात मात्र या दुसऱ्या प्रश्नाला अग्रस्थान आहे. त्यामुळेच हा राजकीय ग्रंथ जैन श्रावकाला आपल्या आचारधर्माच्या जवळचा वाटतो.

लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, नोव्हेंबर १९०९ मध्ये, ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर अवघ्या दहा दिवसांत गांधीजींनी तो गुजरातीत लिहिला. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केला होता. शस्त्रबळाने देश मुक्त करू पाहणाऱ्या तरुणांशी तेथे गांधीजींच्या चर्चा झाल्या. त्यांच्या धैर्याची कदर करूनही त्यांचा मार्ग गांधीजींना मान्य झाला नाही. वाचक आणि संपादक यांच्या संवादरूपाने सजलेली वीस प्रकरणे हे त्या तरुणांना दिलेले उत्तर होय.

साध्य आणि साधन यांचे नाते बीज आणि वृक्षासारखे आहे, हा या ग्रंथाचा गाभा. त्यासाठी दिलेला घड्याळाचा दाखला व्यापारी समाजाला सहज पटणारा आहे. दुसऱ्याचे घड्याळ हिसकावून घेतले तर तो चोरीचा माल, मोल देऊन घेतले तर स्वतःची मालमत्ता आणि विनंती करून मिळविले तर ते दान ठरते. वस्तू एकच, पण साधन बदलताच तिचे स्वरूप पालटते. स्वराज्याचेही तसेच. आणि स्वराज्य म्हणजे स्वतःवर स्वतःचे राज्य. केवळ राज्यकर्त्यांचा वर्ण बदलला, तर प्रजेच्या वाट्याला नवे काही येत नाही.

सत्याग्रहीसाठी गांधीजींनी ब्रह्मचर्य, स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य, सत्य आणि निर्भयता हे चार गुण आवश्यक मानले. यांत ब्रह्मचर्य व सत्य ही व्रते स्पष्टच आहेत. ऐच्छिक दारिद्र्यात अपरिग्रह आहे, घड्याळाच्या दाखल्यात अचौर्य आहे आणि सत्याग्रहाच्या मुळाशी अहिंसा आहे. पंचव्रतांचा हा विचार राजकारणाच्या भाषेत आला, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य.

याची पूर्वपीठिकाही अर्थपूर्ण आहे. १८८८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा गांधीजींना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली. १८९१ मध्ये मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. जवाहिराच्या पेढीवर बसूनही आत्मचिंतनात रमणाऱ्या या पुरुषाला त्यांनी १८९४ मध्ये आफ्रिकेतून धर्मविषयक सत्तावीस प्रश्न विचारले. अर्थात, वैष्णव घरातील संस्कार, टॉलस्टॉय आणि रस्किन यांचाही ठसा त्यांच्या विचारांवर आहेच.

या ग्रंथातील सारेच सर्वांना पटले असे नाही. रेल्वे, वकील व डॉक्टर यांच्यावरील टीका अनेकांना अतिरेकी वाटली. नामदार गोखल्यांनाही हे लेखन अपरिपक्व वाटले होते. सरकारने मात्र १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. ६ एप्रिल १९१९ रोजी, रौलेट कायद्याच्या विरोधात, मुंबईत हाच निषिद्ध ग्रंथ उघडपणे विकून कायदेभंग करण्यात आला. विकणाऱ्यांनी काही लपविले नाही, शिक्षेची तयारीही ठेवली. निर्भयता ती हीच.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या वास्तू, देणग्या आणि दानशूरांची नामावली यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण घड्याळाचा दाखला येथेही लागू पडतो. दानाची रक्कम पावतीवर दिसते. ती कोणत्या मार्गाने मिळविली, हे पावती सांगत नाही. तराजू खरा, चोपडी खरी आणि कर पूर्ण भरलेला असेल, तर त्या द्रव्यातून उभी राहिलेली शाळा किंवा धर्मशाळा ही देशसेवाच ठरते. तसे नसेल, तर संगमरवरी पाटीवरचे नाव कितीही ठळक असले, तरी बीज सदोषच राहते.

ध्वजवंदनाची देशभक्ती वर्षातून दोन दिवसांची. अणुव्रतांची देशभक्ती दुकानाचे दार उघडल्यापासून ते बंद होईपर्यंतची असते.

जय जिनेंद्र!